सामायिक पान

वडीगोद्री,
४ जून २००७

मैमूना,

नमस्काराच्या आधी भांडण. आज चार तारीख झाली. तुझं जूनचं पत्र कुठंय?

जालन्याला डी.एड. करून आपण १९८४ साली एकाच संस्थेत लागलो. तू अंबडच्या शाळेत, मी इथं वडीगोद्रीत, मध्ये तासाभराची एसटी. तेव्हापासून शाळा भरायच्या आधी तुझं पत्र ठरलेलं. “सोनू, यंदा चौथीला मापं कशी शिकवायची?” मी त्यात अर्धं घालायचं, तू ते खोडायचं, मी तुझं खोडणं खोडायचं, आणि जुलैपर्यंत दोघींचा मिळून एक पाठ उभा राह्यचा. दोघी मुख्याध्यापिका झालो तरी हे सुटलं न्हाई. तुझे अब्बा गेले त्या सालीसुद्धा पत्र आल्तं. उशिरा, पण आल्तं.

आमच्या बेबीनंदाकडून कळलं की तुझ्या शाळेत इंटरनेटची तार आली, चार कॉम्प्युटर आले, आणि सचिव अप्पारावांनी स्वतः येऊन नारळ फोडला. बेबीनंदा म्हणजे गेल्या वर्षी लागलेली माझ्याकडची नवी बाई, तुला सांगितलं होतं. अप्पाराव आमच्याकडं येतात तेव्हा गळकं छत बघतात, मान हलवतात आणि चहा पिऊन जातात. असू दे. मला त्याचं काही न्हाई.

यंदा सहावीला मोसंबीचा पाठ घ्यायचं माझ्या मनात आहे. पोरांच्या घरी बागा आहेत, त्यांना पुस्तकातलं जास्वंदीचं फूल कशाला? पाण्याचा ताण, बहार, फळगळ, सगळं घेऊ. पहिलं पान लिहून सोबत पाठवलंय. चार वेळा फाडून पाचव्यांदा लिहिलंय, सांभाळून वाच. पुढचं तू लिही.

सोनू


अंबड,
१२ जून २००७

सोनू, दुआ-सलाम.

भांडण पोचलं, पानही पोचलं. पत्राला उशीर झाला कारण मी एका गोष्टीच्या नादी लागले आहे आणि ती तुला सांगितल्याशिवाय मला राहवत न्हाई.

इंटरनेटवर एक कोरं पान मिळतं. ते एकाच वेळी कितीही गावांतून उघडता येतं आणि ज्याला परवानगी दिली तो त्यात लिहू शकतो. इथं आमच्या शाळेतल्या मुलीनं एक ओळ लिहिली की घनसावंगीकडची मुलं ती तिथं वाचतात आणि खाली आपली ओळ लिहितात. कुणाचं चुकलं तर दुसरा दुरुस्त करतो. आपण टपालानं जे महिनाभर करत होतो ना, तेच, फक्त मुलं करतात आणि दुपारच्या सुट्टीच्या आत होतं! सहा शाळा तयार झाल्या. ज्यांच्याकडं तार न्हाई ते मुलांचं वहीत लिहून घेतात आणि शनिवारी कॅफेत जाऊन चढवतात. मी त्याला सामायिक पान म्हणते.

आणि ऐक. तुझं मोसंबीचं पान इतकं झकास होतं की मी तेच सगळ्यात आधी चढवलं, शब्दाला शब्द. वर तुझं नाव आहे. आता त्याच्या खाली सहा गावं लिहितील. बेबीनंदाला मी परवानगी दिली, ती तर पहिल्या दिवसापासून लिहून राह्यली. काय बोटं चालतात गं तिची! मला अशी एक बाई दे.

तूही ये. तुमच्या हायवेवर देवानंदचं कॅफे आहे, बेबीनंदा तुला दाखवील.

तुझी मैमूना


वडीगोद्री,
१६ जून २००७

मैमूना,

पान मी तुला पाठवलं होतं. तुला. सहा गावांना न्हाई.

तू शेतकऱ्याच्या घरची न्हाईस, तुझ्या अब्बांचं कापडाचं दुकान, म्हणून सांगते. सामायिक विहीर काय असते ते मी लहानपणापासून बघितलंय. मोटर माझी आधी का तुझी आधी, यावरून सख्खे चुलते एकमेकांच्या लग्नाला जात न्हाईत. पाणी सगळ्यांचं आणि गाळ कुणी काढायचा? कुणीच न्हाई. तुझ्या पानाचंही तेच होणार. सगळे लिहितील आणि चुकलेलं कुणाच्याच अंगाला लागणार न्हाई.

आणि बेबीनंदाचं एवढं कौतुक चाललंय ते वाचलं. पोरगी हुशार आहे, मीच घडवली. पाठ टिपण कसं लिहायचं हे तिला येत नव्हतं, तीन महिने रोज शाळा सुटल्यावर बसवलंय मी. आता ती शनिवार उजाडला की घड्याळाकडं बघते. कुठं चाललीस म्हटलं तर, “मैमूना मॅडमनी बोलावलंय.” मी मॅडम न्हाई वाटतं. मला ती ‘बाई’ म्हणते.

तू तुझं पान चालव. मला माझं पत्र पाठव. मोसंबीचं दुसरं पान कागदावर लिही, मी वाट बघते.

सोनू


अंबड,
२ ऑगस्ट २००७

सोनू,

दीड महिना पत्र लिहिलं न्हाई, कान धरते. सकाळी शाळा, दुपारी मुलांचं टायपिंग, संध्याकाळी सहा शाळांच्या शिक्षकांना कळवाकळवी. दिवस कधी जातो कळत न्हाई. खूप वर्षांनी अशी मजा येऊन राह्यली.

मोसंबीचा पाठ कुठल्या कुठं गेला. एका पोरानं लिहिलं, बागेचं पाणी पंधरा दिवस तोडावं, मग फूल येतं. दुसऱ्या गावच्या पोरीनं लगेच लिहिलं, तुमची जमीन हलकी असेल, आमच्या काळ्या रानात दीड महिना लागतो. मंग दोघांनी आपापल्या बापांना विचारलं आणि जमिनीचा एक तक्ताच करून टाकला. मी नुसती बघत होते. शिकवायचं राहूनच गेलं गं, आणि तरी पोरं शिकली!

तू अजून आली न्हाईस. खरं सांग, भीती वाटते ना? लाजू नको. मलाही आधी माऊस हातात धरता येत नव्हता, टेबलाच्या कडेला जाऊन पडायचा. का डोळ्यांचा त्रास परत सुरू झाला? तसं असेल तर अक्षरं मोठी करता येतात. एका शनिवारी मी येते आणि तुला शेजारी बसवून पहिलीपासून शिकवते. तू नुसतं ‘हो’ म्हण.

मैमूना


वडीगोद्री,
९ ऑगस्ट २००७

प्रिय मैमूना,

पत्र मिळालं, आनंद झाला. डोळे छान आहेत. भीती म्हणशील तर ती मला इन्स्पेक्शनच्या साहेबाचीही कधी वाटली न्हाई.

तुझं काम मोठं आहे. मी बिलकुल रागावलेली न्हाई, तसं मनात आणू नको. एवढंच विचारायचं होतं, तुमच्या पानावर चढलेलं कुणी तपासतं का? म्हणजे छापील असतं तसं अंतिम कधी होतं? आणि अप्पारावांनी ते पान बघितलंय का? सहज विचारते.

तू यायची तसदी घेऊ नको. पाऊस आहे, गाड्या उशिरा धावतात.

तुझी,
सोनू


अंबड,
२७ ऑगस्ट २००७

सोनू,

शनिवारी अप्पारावांनी मला संस्थेत बोलावलं आणि एक जाड लिफाफा माझ्यापुढं टाकला. त्यात आमच्या सामायिक पानाचे एकतीस छापील कागद. वर एक टाइप केलेली चिठ्ठी: संस्थेच्या नावाखाली इंटरनेटवर चुकीचं शिक्षण चालू आहे, मुलं मनाला येईल ते लिहून राह्यली, पुरावा सोबत. खाली सही, ‘एक हितचिंतक’. आणि प्रत्येक कागदावर लाल शाई. ऱ्हस्व-दीर्घ, चुकीचे आकडे, अर्धवट वाक्यं. एकशे चौदा खुणा मी मोजल्या.

अप्पाराव म्हणाले, “मॅडम, हे काय चाललंय? मला मान खाली घालायला लावली तुम्ही.” मी म्हणाले, “साहेब, हे कागद तीन आठवड्यांपूर्वीचे आहेत. पान रोज बदलतं. यातलं जवळजवळ सगळं मुलांनी आपसातच दुरुस्त केलंय. आत्ता चला, उघडून दाखवते.” ते काही उठले न्हाईत. त्यांनी कॉम्प्युटर बघितलाच न्हाई, लाल शाई बघितली. आज सकाळी तार काढून नेली.

हे असं फक्त आपल्यातलीच एखादी करू शकते. ज्या पानावर कुणीही येऊन चूक दुरुस्त करू शकतो, ते पान कागदावर छापून घ्यायचं, वह्यांसारखं तपासायचं आणि लिफाफ्यात घालून वर पाठवायचं! दुसऱ्या कुणाच्या डोक्यात आलं नसतं.

अक्षर मी पहिल्याच कागदावर ओळखलं. तेवीस वर्षं वाचतेय. तरी मनाला समजावत होते की न्हाई, सारखं असतं एखाद्याचं अक्षर. मंग बाविसावा कागद आला. तिथं आमच्या सहावीतल्या आमिनानं लिहिलं होतं, ‘माझी दादी म्हणते, झाडाला तहान लागली की त्याला फुलं आठवतात.’ त्याच्या शेजारी समासात लाल शाईनं लिहिलंय, ‘छान! शाबास.’

तक्रारीच्या कागदावर शाबासकी कोण देतं, सोनू?

अप्पारावांनी मला विचारलं, हे अक्षर ओळखता का. मी म्हणाले, न्हाई. तुझ्यासाठी मी खोटं बोलले. तार गेली त्याच्यापेक्षा मला त्याचा जास्त राग आहे.

मुलं आज दिवसभर विचारून राह्यली, मॅडम, पान कधी येणार. त्यांना काय सांगू, ते तूच लिहून पाठव.

मैमूना


वडीगोद्री,
३० ऑगस्ट २००७

मैमूना,

हो. मीच.

तू ओळखलंस ते बरं झालं. तीन आठवडे मला जेवण गोड लागलं न्हाई. मुलांना काय सांगायचं ते मला सुचत न्हाई. तुला काय सांगायचं तेवढं सांगते.

ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी, तुझं ते ‘भीती वाटते ना’ यायच्या आधीच, मी देवानंदच्या कॅफेत गेल्ते. एकटी गेल्ते. त्याला म्हटलं, मैमूना मॅडमचं पान दाखव. त्यानं दाखवलं. वर माझं नाव होतं, बराबर. पण पहिलं वाक्य माझं नव्हतं. मी लिहिलं होतं, ‘मोसंबीचं झाड वर्षातून दोनदा मन बदलतं.’ ते काढून बेबीनंदानं लिहिलं होतं, ‘मोसंबीला वर्षातून दोन बहार येतात.’ आणि त्याच्याखाली तू लिहिलं होतंस, ‘वा बेबी! आता कसं सोपं झालं.’

बेबी! मी तिला एका वर्षात कधी बेबी म्हटलं न्हाई.

पाचव्यांदा लिहिलेलं पान होतं ते. तू खोडलं असतंस तर मी भांडले असते, आणि भांडून मानलंही असतं. आपलं तसंच चालत आलं. पण तू खोडलं न्हाईस. तू दुसरीला खोडू दिलंस आणि वर वा म्हणालीस. मला तू कधी वा म्हणाली होतीस, आठव बरं. मला आठवत न्हाई. मला त्याची गरजही नव्हती, कारण मला वाटायचं की तुझं खोडणं फक्त माझ्यासाठी आहे.

मी जळले. आणखी दुसरा काही शब्द न्हाई त्याला. तुझ्या चार कॉम्प्युटरवर न्हाई जळले, अप्पारावांच्या नारळावर थोडी जळले, पण खरी जळले ती त्या सहा शाळांवर आणि त्या पोरीवर. मी देवानंदला म्हटलं, सगळं छापून दे. तो म्हणाला, “बाई, छापता कशाला, इथंच दुरुस्त करा की.” मी म्हटलं, तू छाप. पुढचा आठवडाभर शाळा सुटल्यावर दार लावून तपासत बसले. तुझं पत्र त्याच आठवड्यात आलं. ‘पहिलीपासून शिकवते’ हे वाचलं आणि दुसऱ्याच दिवशी चिठ्ठी टाइप करून घेतली. त्यानंतर तुला ते गोडगोड पत्र लिहिलं. त्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

आमिनाच्या ओळीशी हात थांबला. ते वाक्य खरंच छान आहे. काय करू, लिहिलं गेलं.

माफी मागत न्हाई. मागितली तर तू देशील, आणि मंग मला सुटल्यासारखं वाटेल.

सोनू


वडीगोद्री,
१४ सप्टेंबर २००७

मैमूना,

तुझं उत्तर आलं न्हाई, ते येईल असं मी धरलंही नव्हतं. सोबत अर्जाची नक्कल पाठवते. काल संस्थेत जाऊन दिला.

प्रति,
मा. सचिव साहेब

विषय: माझी तक्रार मागे घेणेबाबत.

महोदय,
मी, सोनूबाई, मुख्याध्यापिका, वडीगोद्री, लिहून देते की अंबड शाळेच्या सामायिक पानाविरुद्ध आपणांस आलेला निनावी लिफाफा मी पाठवला होता. त्यातील चुका खऱ्या होत्या, पण आपणांस लिफाफा मिळाला त्यापूर्वीच त्यांतील बहुतेक चुका विद्यार्थ्यांनी स्वतः दुरुस्त केल्या होत्या. या गोष्टीची मी शनिवार दि. ८ रोजी कॅफेत जाऊन ते पान व त्याचे जुने बदल ओळीओळीने वाचून खात्री केली आहे. चुकीचे शिक्षण चालू असल्याचा माझा आरोप खोटा आहे. तरी अंबड शाळेचे कनेक्शन पूर्ववत जोडून द्यावे, ही विनंती.
तक्रार करण्याचे कारण: मत्सर.
आपली विश्वासू,
सोनूबाई

अप्पारावांनी अर्ज वाचला आणि चष्मा काढून ठेवला. म्हणाले, “बाई, हे कारण बदला. गैरसमज झाला असं लिहा. सगळे तेच लिहितात, मी मिटवून टाकतो.” मी म्हणाले, “गैरसमज नव्हता, साहेब. सगळं समजूनच केलंय.” ते म्हणाले, असा अर्ज घेतला तर तुमच्या सेवापुस्तिकेत शेरा जाईल, तेवीस वर्षांचं कोरं पुस्तक आहे तुमचं, विचार करा. मी म्हणाले, जाऊ द्या. मंग त्यांनी आवक क्रमांक घातला. क्लार्कनं कारण दोनदा वाचलं आणि माझ्याकडं बघितलं. मीही त्याच्याकडं बघितलं. त्यानंच मान खाली घातली.

पान वाचताना आणखी एक दिसलं. बदल कुणी कधी केला ते सगळं तिथं राहतं, हे मला माहीत नव्हतं. माझं वाक्य बेबीनंदानं काढलं त्याच दिवशी संध्याकाळी तू ते परत घातलं होतंस. पुढच्या शनिवारी तिनं परत काढलं, तू परत घातलंस. असं तीनदा. चौथ्यांदा तू सोडून दिलंस आणि वा लिहिलंस. मी फक्त ते चौथं बघितलं होतं.

तरीपण सांगते, मला अजून जळजळ होते. हे वाचूनही झाली. तीनदाच का घातलंस, चारदा का न्हाई, असं वाटलं. मी अशीच आहे.

बेबीनंदाला सगळं सांगितलं. ती रडली, मंग म्हणाली, “बाई, ते वाक्य मला कळलं नव्हतं, म्हणून काढलं.” दुसऱ्या दिवशी वर्गात मुलांना ते वाक्य नीट समजावून सांगितलं मी, तेव्हा तिलाही मागच्या बाकावर बसवलं.

सोनू


अंबड,
२१ सप्टेंबर २००७

सोनू,

अर्ज वाचला. बुधवारी तार परत आली. सहातल्या दोन शाळा मात्र गेल्या. त्यांच्या मुख्याध्यापकांना भानगड नको आहे, आणि त्यांच्या पोरांचं अर्धं लिहिलेलं तसंच पडून आहे. आमिना ते रोज उघडून बघते आणि मला विचारते, हे कधी लिहिणार. त्याला अर्ज देऊन काही व्हायचं न्हाई.

तुला माफ केलं असं लिहायला तीनदा बसले, लिहवलं न्हाई. तुझ्या सेवापुस्तिकेचं ऐकून वाईट वाटलं, आणि थोडं बरंही वाटलं, तेही लिहून टाकते. आणि ‘मला कधी वा म्हणालीस’ हे जे तू लिहिलंस ते वाचून मी इतकी चिडले की शिक्षकखोलीतल्या सगळ्या बाया उठून बाहेर गेल्या. तेवीस वर्षं दर जूनला मी जिला पहिलं पत्र लिहिते, तिला आणखी वेगळं वा कशाला पाहिजे गं?

मला पत्रात नीट भांडता येत न्हाई. ओळ लिहिली की राग अर्धा होतो. पुढच्या शनिवारी अर्धा दिवस शाळा. दुपारच्या गाडीनं ये. कॉम्प्युटर दाखवायला बोलावत न्हाई. समोर बस, माझं सगळं ऐकून घे, मंग तुझं बोल. रोजे चालू आहेत, सूर्य मावळेपर्यंत माझ्यात भांडायचा जोर नसतो, आणि मला बरंच बोलायचं आहे. तेव्हा मुक्कामाच्या तयारीनं ये.

मैमूना